सात वाजताचं औषध आणि अकरा वाजताचा ताप

एका वर्गशिक्षिकेने विचारलंय. पुण्याजवळची शाळा, तिसरीचा वर्ग, पट ४६. गेल्या आठ दिवसांत १९ मुलं ताप-खोकल्याने गैरहजर, त्यातल्या दोघांचा रिपोर्ट फ्लूचा आलाय. पालक ग्रुपवर म्हणतायत शाळा बंद करा, कोणी मुलांच्या गळ्यात कापूर-वेलदोड्याच्या पोटल्या बांधायला सांगतंय, मॅनेजमेंट म्हणतंय फवारणी करून घेऊ, सोमवारपासून युनिट टेस्ट आहे, आणि शेजारच्या वर्गाच्या टीचर सहा महिन्यांच्या प्रेग्नंट आहेत. नक्की काय करायचं?

ताई, शेवटच्या गोष्टीपासून सुरुवात करते कारण ती सगळ्यात तातडीची आहे. त्या टीचरना सांगा की आजच त्यांच्या गायनॅकला फोन करा आणि फ्लूच्या लसीचं विचारा, गरोदरपणात ही लस देता येते, दिलीच पाहिजे असं मी म्हणेन, आपल्याकडे सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांना ती मोफत द्यायची योजना आहे, तर स्टॉक आहे का ते आधी फोन करून विचारायचं म्हणजे खेप वाया जात नाही. लस काम करायला साधारण दोन आठवडे घेते, तोवर त्यांना तुमच्या वर्गावर ऑफ तासाला पाठवू नका. आणि त्यांना ताप आला, घसा दुखायला लागला तर "बघू दोन दिवस" अजिबात नाही, त्याच दिवशी डॉक्टर. गरोदर बाईला फ्लू जास्त जड जातो, आणि फ्लूवरचं औषध (ओसेलटॅमिविर) पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. लसीचा आणखी एक फायदा म्हणजे आईच्या अँटिबॉडी बाळाला मिळतात, बाळाला स्वतःला सहा महिन्यांचं होईपर्यंत ही लस देताच येत नाही, त्यामुळे तेवढे महिने त्याच्याकडे आईकडून आलेलंच काय ते संरक्षण असतं.

आता मुलांचं. मी बालरोगतज्ज्ञ आहे, पुण्यात २४ वर्षं प्रॅक्टिस, त्यातली बरीच वर्षं दोन-तीन शाळांची डॉक्टर म्हणूनही जाते. एवढ्या वर्षांत शाळेतल्या फ्लूची जी गोष्ट मी परत परत बघितलीये ती अशी. पोराला रात्री ताप भरलेला असतो. सकाळी पावणेसातला घरी पॅरासिटामॉल दिलं जातं, सव्वासातला अंग गार लागतं, पोरगं हसतं-बोलतं, व्हॅनवाले काका खाली हॉर्न वाजवतायत, आई म्हणते बरं वाटतंय ना, जा मग. औषधाचा असर चार ते सहा तास. मोठी सुट्टी संपते, अकराच्या सुमाराला ते पोरगं बाकावर डोकं ठेवतं, तुम्ही कपाळाला हात लावता तर चटका बसतो, घरी फोन जातो. पण साडेसात ते अकरा ते मूल ४५ जणांमध्ये बसून खोकलेलं असतं, एकाच बाटलीने तिघं पाणी प्यायलेले असतात, आणि औषधाने ताप उतरतो पण नाका-घशातला व्हायरस जिथल्या तिथेच असतो. तुमच्या वर्गातले १९ एका दिवसात नाही पडले, ते असे तीन-तीन दिवसांच्या टप्प्याने पडले असणार, हजेरीपट काढून तारखा बघा, लगेच दिसेल.

त्यामुळे शाळेत एकच नियम करता येणार असेल तर हा करा: ताप उतरवायचं औषध न देता पूर्ण २४ तास ताप आला नाही, तरच मूल शाळेत. "औषध न देता" हे शब्द महत्त्वाचे, ते नसतील तर नियमाला अर्थ नाही.

ताप गेल्यावर पण मूल थोडाफार व्हायरस सोडत असतं हे खरंय. फ्लूचा संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसायला एक ते चार दिवस लागतात, बहुतेकांना दोन, आणि लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासून ते पुढे पाच ते सात दिवस माणूस दुसऱ्याला देऊ शकतो, लहान मुलं तर कधीकधी त्याहूनही जास्त. मग २४ तासांच्या नियमाने काय होणार, असं एक बाबा मला पालकसभेत म्हणाले होते आणि प्रश्न बरोबर होता. सगळ्यात जास्त व्हायरस बाहेर पडतो तो पहिल्या दोन-तीन दिवसांत, म्हणजे जेव्हा ताप असतो नेमका तेव्हाच. आणि दुसरं म्हणजे फ्लू हा गोवर नाही. गोवराचा एक पेशंट लस न घेतलेल्या माणसांत १२ ते १८ जणांना गोवर देऊ शकतो, तिथे अर्धवट उपायांनी काही होत नाही. नेहमीच्या फ्लूचा एक पेशंट सरासरी एखाद्यालाच किंवा जेमतेम त्याहून थोड्या जास्त जणांना देतो, १.३ च्या आसपास धरतात, वर्गात दाटीवाटीने बसलेल्या मुलांत जास्त असेल, पण तरी गोवराच्या जवळपासही नाही. म्हणजे चार गोष्टी अर्ध्यामुर्ध्या जरी नीट केल्या तरी साखळी ढिली पडते. हे मी मुद्दाम सांगतेय कारण शाळांमध्ये मला दोनच टोकं दिसतात, एक तर सगळं बंद करा, नाहीतर काही उपयोग नाही म्हणून काहीच नको.

आता खरी अडचण. नियम लिहायला सोपा, पण पालक तो का पाळत नाहीत? निष्काळजी म्हणून नाही. माझ्याकडे आलेल्या आयांना मी दरवेळी विचारते, की ताप होता ना, मग का पाठवलं, आणि उत्तरं तीनच येतात. टेस्ट होती. त्याची हजेरी पूर्ण आहे, सर्टिफिकेट जाईल, तोच रडायला लागला. आणि तिसरं, मला सुट्टी नाही.

पहिल्या दोन गोष्टी पूर्णपणे तुमच्या शाळेच्या हातात आहेत ताई. १००% हजेरीचं सर्टिफिकेट, स्टेजवर बोलावून बक्षीस, हे सगळं जूनमध्येच बंद व्हायला हवं. मी ज्या शाळांत जाते त्यातल्या एका शाळेत हे बक्षीस बंद करायला मला तीन वर्षं लागली. तिथल्या मुख्याध्यापिका बाईंचं म्हणणं होतं मुलांना शिस्त लागते. मग एका वर्षी बक्षीस मिळालेल्या मुलांपैकी एकीच्या आईने सगळ्यांसमोर सांगितलं की हिला १०२ ताप असताना मी दोन दिवस पाठवलंय कारण हीच हट्ट करत होती, आणि त्याच आठवड्यात तिच्या बाकावरची मुलगी न्यूमोनियाने ॲडमिट झाली होती. कोणाकडून कोणाला गेलं हे सांगता येत नाही आणि मी ते तिथे बोललेही नाही, पण पुढच्या वर्षी बक्षीस बंद झालं.

टेस्टचं तर आत्ताच ठरवा. सोमवारची युनिट टेस्ट तिसरीच्या मुलांसाठी आठ-दहा दिवस पुढे ढकलली तर कोणाचं काहीच बिघडत नाही. ढकलता येत नसेल तर निदान आज संध्याकाळी ग्रुपवर स्पष्ट लिहा की आजारी मुलांची टेस्ट नंतर वेगळी घेतली जाईल, मार्क कापले जाणार नाहीत, डॉक्टरचं सर्टिफिकेट लागणार नाही. हे शेवटचं लिहाच. सर्टिफिकेटसाठी नुसत्या सर्दी-तापाची मुलं माझ्या वेटिंग रूममध्ये येऊन बसतात आणि शेजारी सहा महिन्यांचं बाळ डोस घ्यायला आलेलं असतं.

तिसरी गोष्ट अवघड आहे आणि तिच्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. धुणंभांडी करणारी, कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर असलेली आई, तिचा एक खाडा म्हणजे त्या दिवसाचे पैसे गेले, आणि तीन दिवस मूल घरी म्हणजे तीन खाडे. तिला "ताप असताना पाठवू नका" एवढंच सांगून आपण मोकळे होतो. मी जे बघितलंय ते असं की वर्गशिक्षिकेला माहीत असतं कुठल्या पाच-सहा मुलांच्या घरी हा प्रॉब्लेम आहे, त्या घरांशी साथ यायच्या आधीच बोलून ठेवलं तर काहीतरी सोय निघते, शेजारची मावशी, शिफ्ट बदलून बाबा, गावाहून कोणीतरी. आजीकडे ठेवा असं चटकन सांगू नका, आजीला शुगर, बीपी, दमा असेल तर फ्लू तिला मुलापेक्षा जास्त त्रास देईल. आणि एवढं करूनही मूल आलंच तापात, तर त्याच्यावर किंवा आईवर ओरडायचं नाही, वर्गासमोर तर मुळीच नाही, नाहीतर पुढच्या वेळी मूल ताप लपवतं. २००९ मध्ये माझ्या एका पेशंटला स्वाइन फ्लूतून बरा होऊन गेल्यावर वर्गात महिनाभर पोरं "स्वाइन" म्हणून हाक मारत होती, सात वर्षांचा मुलगा, पोटात दुखतं म्हणून माझ्याकडे चार वेळा आला, पोटात काही नव्हतं.

तापलेल्या मुलाला घरचे येईपर्यंत कुठे बसवायचं, हे पण ठरवून ठेवा. स्टाफरूममध्ये नाही (तुमच्या प्रेग्नंट टीचर तिथेच बसतात), बंद सिक रूममध्ये तर नाहीच नाही. व्हरांड्यात, वारा खेळता असेल अशा जागी एक बाक, मोठ्या मुलांना जमत असेल तर मास्क, जवळ एक मावशी बसलेली, एवढं पुरतं. घरच्या दोघांचे तरी चालू नंबर वर्गात लिहून ठेवा, बऱ्याच वेळा मूल दोन-दोन तास बसून राहतं कारण रजिस्टरमधला नंबर बंद असतो.

आता फवारणी. मॅनेजमेंटला माझ्या नावाने सांगितलंत तरी चालेल: त्या पैशांचा साबण घ्या. महापालिकेला बोलावून जी धुराची फवारणी करतात ती डासांसाठी असते, तिचा फ्लूशी काही संबंध नाही, उलट दम्याच्या मुलांना त्या धुराने अटॅक येतो. बाकांवर जंतुनाशक फवारून शाळा दोन दिवस बंद, हे दिसायला छान दिसतं, फोटो पण निघतात. फ्लूचा व्हायरस गुळगुळीत वस्तूंवर, म्हणजे सनमायका, स्टील, प्लास्टिकवर, एक-दोन दिवस टिकू शकतो, कापडावर-कागदावर त्याहून कमी, आठ-बारा तास, आणि हातावर पाचेक मिनिटंच. पण दोन दिवस शाळा बंद ठेवलीत की बाकांवरचा व्हायरस तसाही जातो, आणि सोमवारी पहिलं खोकणारं मूल आलं की पुन्हा सुरू. रोज शाळा सुटल्यावर बाक, दाराची कडी, नळाच्या तोट्या साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसल्या तर बास. मुलांच्या अंगावर काहीही फवारायचं नाही.

हात धुण्याबद्दल लोक आता कंटाळलेत, पण मला इजिप्तमधला एक अभ्यास फार पटतो, कारण तिथल्या शाळा आपल्यासारख्याच आहेत. कैरोमध्ये २००८ साली ६० प्राथमिक शाळांमध्ये तो केला, निम्म्या शाळांत मुलांना दिवसातून दोनदा हात धुवायला लावायचे आणि बाकीच्या शाळा होत्या तशा. ज्या शाळांत हात धुतले तिथे टेस्टमध्ये फ्लू निघालेल्या मुलांची गैरहजेरी निम्म्यावर आली. आपल्याकडे अडचण अशी की नळ असतो पण साबण नसतो, ठेवला तर दुसऱ्या दिवशी वडी गायब किंवा तिचा चिखल झालेला. दोन उपाय चाललेले बघितलेत: जाळीच्या पिशवीत वडी घालून नळाला बांधून टाकायची, किंवा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत साबणाचं पाणी करून झाकणाला भोक पाडायचं, दाबलं की धार येते, पावशेर साबणात महिना जातो. डब्याच्या आधी आणि शाळेत खिचडी मिळत असेल तर खिचडीच्या आधी रांगेने. पावसाळ्यात मुलांच्या हाताला चिखल असतो, चिखलाच्या हातावर सॅनिटायझर नीट काम करत नाही, तिथे साबणपाणीच लागतं. आणि पाण्याच्या टाकीपाशी साखळीने बांधलेला तो एकच ग्लास असतो ना, तो आजच काढून टाका.

पण खरं सांगायचं तर माझा जास्त जीव खिडक्यांमध्ये अडकलाय. महाराष्ट्रात फ्लूची मोठी लाट पावसाळ्यातच येते, जुलै ते सप्टेंबर, दुसरी छोटी जानेवारी ते मार्चच्या दरम्यान. आणि पावसाळ्यातच आपण वर्गाच्या सगळ्या खिडक्या लावून घेतो, पाणी आत येतं, खिडकीजवळची मुलं भिजतात, वर रेनकोट-ओली दप्तरं आतच लटकवलेली. ४६ मुलं बंद खोलीत. वरचा पंखा फुल्ल असला तरी तो नवीन हवा आणत नाही, आहे तीच गरगर फिरवतो. ज्या बाजूने पाऊस येत नाही त्या बाजूच्या खिडक्या आणि समोरचं दार एकदम उघडं ठेवा, हवा आरपार गेली पाहिजे. जुन्या शाळांच्या भिंतींना वर झरोके असतात, त्यांना कबुतरांसाठी पुठ्ठे मारून ठेवलेले असतात, ते काढून जाळी बसवा. एका खिडकीत साधा एक्झॉस्ट फॅन बसवला तरी फरक पडतो. एका शाळेत आम्ही कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र ठेवलं होतं, माणसाच्या श्वासातून बाहेर पडलेली हवा खोलीत किती साठलीये याचा अंदाज त्यातून येतो, बाहेरच्या हवेत ते साधारण ४२० दाखवतं, वर्गात १००० च्या खाली राहिलं तर हवा बरी म्हणायची. खिडक्या बंद असताना तिसऱ्या तासाला त्या वर्गात २५०० च्या वर गेलं होतं, दोन खिडक्या आणि दार उघडल्यावर वीस मिनिटांत निम्म्याखाली आलं. मुलांना ते इतकं आवडलं की खिडकी उघडायची ड्युटी मुलंच वाटून घ्यायला लागली. दर तासाला बाई बदलतात तेव्हा पाच मिनिटं सगळं उघडायचं, हे तर कुठल्याही शाळेला जमतं. एसी वर्गवाल्या शाळांना मी हेच जास्त कळकळीने सांगते, भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही.

आणि व्हॅन! वर्गापेक्षा व्हॅन वाईट. एका छोट्या व्हॅनमध्ये दहा-बारा पोरं, काचा बंद, ट्रॅफिकमध्ये पाऊण तास, दिवसातून दोनदा. तुमच्या १९ मुलांपैकी किती जण एकाच व्हॅनचे आहेत ते बघून मला खरंच सांगा. व्हॅनवाल्या काकांना बोलावून सांगा की दोन्ही बाजूंची एकेक काच चार बोटं तरी उघडी, आणि खोकणारं, तापलेलं मूल दारात आलं तर घरच्यांना परत विचारायचं. काका लोक हे मनापासून करतात, त्यांना कोणी कधी सांगितलेलंच नसतं.

खोकताना-शिंकताना तोंड हाताच्या कोपरात, तळहातात नाही, हे पहिली-दुसरीची मुलं दोन दिवसांत शिकतात आणि मग घरी जाऊन आजोबांना शिकवतात. मास्क सगळ्या मुलांना दिवसभर लावा असं मी लहान वर्गांसाठी म्हणणार नाही, दोन तासांत तो हनुवटीवर असतो किंवा अदलाबदल होते. पण खोकला उरलाय, ताप नाही, अशा मुलाने आठवडाभर लावला तर चांगलंच, आणि शिक्षकांनी साथ चालू असताना जरूर लावावा.

शाळा बंद करायची का? २००९ चा ऑगस्ट ज्यांनी पुण्यात काढलाय त्यांना हा प्रश्न आला की पोटात गोळा येतो. ३ ऑगस्टला देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू झाला, तो पुण्यातल्याच १४ वर्षांच्या शाळकरी मुलीचा. दोन दिवसांत साथरोगांच्या नायडू हॉस्पिटलबाहेर ही मोठी रांग, धडधाकट मुलांना घेऊन आईबाप पावसात चार-चार तास आजारी लोकांच्या शेजारी उभे होते, पुण्यातल्या शाळा बंद झाल्या, मग मुंबईतल्याही आठवडाभर बंद. त्याच्या आधी जुलैत पाचगणीच्या एका निवासी शाळेत साथ येऊन शेकडो मुलं आजारी पडली होती, एकत्र झोपणं, एकत्र जेवणं, तिथे तो कसा धावतो हे एनआयव्हीच्या (पुण्यातली व्हायरसवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था) लोकांनी नंतर अभ्यासून छापलं. तेव्हा नवीन व्हायरस होता, कोणाकडेच प्रतिकारशक्ती नव्हती, किती मारक आहे माहीत नव्हतं, म्हणून बंद ठेवणं बरोबरच होतं असं माझं आजही मत आहे. पण तोच स्वाइन फ्लूचा व्हायरस, एच१एन१, आता दरवर्षी येणाऱ्या नेहमीच्या फ्लूंपैकी एक झालाय, त्याचा रिपोर्ट आला म्हणून शाळा बंद करायची गरज नाही.

नेहमीच्या साथीत बंदचा फायदा फारसा दिसत नाही. हाँगकाँगने मार्च २००८ मध्ये दोन आठवडे बालवाड्या आणि प्राथमिक शाळा बंद केल्या होत्या, नंतर तिथल्याच संशोधकांनी आकडे तपासले तर साथीवर मोठा परिणाम झाल्याचं दिसलं नाही, कारण निर्णय झाला तोवर साथ उतरायलाच लागली होती. आपल्याकडेही नेहमी तसंच होतं, पटातली निम्मी मुलं पडून झाली की मग बंद. शिवाय बंद ठेवलेली मुलं घरी कुठे बसतात, क्लासला, मॉलमध्ये, सोसायटीच्या खाली एकत्रच असतात, आणि खाडा पडणाऱ्या आया मात्र अडकतात. जपानी शाळांची पद्धत मला पटते, तिथे अख्खी शाळा बंद न करता तेवढा एक वर्ग काही दिवस बंद ठेवतात. तुमच्या वर्गात ४६ पैकी १९, म्हणजे चाळीस टक्के. अगदी सुरुवातीला, पाच-सहा जण गैरहजर असताना, मी म्हटलं असतं की फक्त तिसरीचा वर्ग चार दिवस बंद ठेवा आणि क्लासवाल्यांना पण कळवा. आज ते तुमच्या वर्गासाठी उशिराचं आहे, पण शेजारच्या तुकडीसाठी नाही. म्हणून उद्यापासून सगळ्या तुकड्यांच्या हजेरीपटावर गैरहजर मुलापुढे एक अक्षर लिहायला लागा, ता म्हणजे ताप-खोकला, बाकी काहीही कारण असेल तर इ. सकाळी घरी एक फोन किंवा मेसेज करून विचारायचं. एका तुकडीत तीन दिवसांत तीन "ता" दिसले की त्या वर्गाच्या पालकांना त्याच दिवशी मेसेज, पाच झाले की मुख्याध्यापिकेने जवळच्या सरकारी दवाखान्यात कळवायचं. हा माझा आकडा आहे, कुठल्या जीआरमधला नाही, पण माझ्या शाळांमध्ये याच्याने आम्हाला साथ चार-पाच दिवस आधी कळते.

लसीबद्दल आता. सहा महिन्यांपासून पुढे कोणालाही देता येते, दरवर्षी घ्यावी लागते कारण व्हायरस बदलत राहतो, नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदाच देत असाल तर महिन्याच्या अंतराने दोन डोस. बालरोगतज्ज्ञांची संघटना पाच वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना दरवर्षी द्यायला सांगते. आपली लाट पावसाळ्यात असते म्हणून एप्रिल-मेमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आधी घ्यायची, आपल्याकडे लोक ऑगस्टमध्ये घाबरून येतात. तेव्हा आलात तरी चालेल, घ्या, उशीर झाला म्हणून सोडू नका. लस चांगली जुळलेल्या वर्षी साधारण ४० ते ६० टक्के काम करते, म्हणजे लस घेऊनही काहींना फ्लू होतो, पण सहसा सौम्य जातो, ॲडमिट व्हायची वेळ कमी येते. जपानने साधारण १९६२ पासून पुढे बरीच वर्षं शाळकरी मुलांना सरसकट ही लस दिली, आणि २००१ साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं की मुलांना लस मिळत होती त्या काळात तिथल्या म्हाताऱ्या माणसांचे हिवाळ्यातले मृत्यू कमी झाले होते आणि ९४ मध्ये कार्यक्रम थांबल्यावर ते परत वाढले. फ्लू घरात येतो तो बहुतेक वेळा शाळेच्या दप्तराबरोबर, आणि जड जातो घरातल्या आजी-आजोबांना. आपल्याकडे खाजगीत एका डोसला दीड-दोन हजार जातात, मुलांसाठी सरकारी कार्यक्रमात ती नाहीये, त्यामुळे सगळ्यांनी घ्याच असं मी सगळ्या पालकांना तोंड वर करून सांगू शकत नाही. पण दमा, हृदयाचा आजार, टाइप १ डायबेटीस, सिकलसेल, फिट्स किंवा सेरेब्रल पाल्सी असलेली मुलं तुमच्या शाळेत किती आहेत त्याची यादी करा, आणि त्यांच्या पालकांना एकेकट्याला बोलावून सांगा. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी गॅदरिंगच्या खर्चातून किंवा माजी विद्यार्थ्यांकडून पैसे उभे राहू शकतात, दहा-पंधरा मुलांचा प्रश्न असतो. त्या मुलांना ताप आला तर पहिल्याच दिवशी डॉक्टर, आणि दमेकरी मुलाचा पंप दप्तरातच हवा, कपाटात कुलूपबंद नको.

ग्रुपवर कापूर-वेलदोड्याच्या पोटल्या फिरतायत असं तुम्ही लिहिलंय. फ्लू त्याने थांबत नाही. आणि कापूर लहान मुलाने तोंडात घातला तर झटके येतात, मी असं मूल बघितलंय, दोन वर्षांचा धाकटा भाऊ, दादाच्या गळ्यातली पोटली चघळली. त्या पोटल्या काढायलाच सांगा. काढा, गोळ्या, व्हिटॅमिन सी, यांनीही साथ रोखल्याचं दिसलेलं नाही, आणि अँटिबायोटिक व्हायरसवर चालत नाही, घरात उरलेलं तर नक्कीच देऊ नये.

ऑगस्ट आहे म्हणून एक जास्तीची गोष्ट. याच दिवसांत डेंग्यू असतो. नाक-घसा-खोकला काहीच नाही आणि नुसता जोराचा ताप, डोळ्यांच्या मागे दुखतंय, तर फ्लूच असेल म्हणून घरी बसू नका, दाखवा. तापाला फक्त पॅरासिटामॉल, वजनाच्या हिशोबाने. आयब्युप्रोफेन डेंग्यूची शंका असताना नको, ॲस्पिरिन तर मुलांना फ्लूत कधीच नाही, त्याने लिव्हर आणि मेंदूवर गंभीर परिणाम होऊ शकतो. आणि दवाखान्यात ताबडतोब कधी, तर श्वास जोरजोरात, बरगड्या आत ओढल्या जातायत, ओठ निळसर, मूल गुंगीत, पाणी पीत नाही, सात-आठ तास शू नाही, फिट आली, किंवा ताप एकदा जाऊन दोन दिवसांनी परत आला आणि खोकला वाढला. हे शेवटचं लोक चुकवतात, तो बहुतेक वेळा फ्लूवर चढलेला न्यूमोनिया असतो. आणखी एक, घाबरवणारं पण बहुतेक वेळा निरुपद्रवी: ताप उतरल्यावर सकाळी मूल उठतं आणि पोटऱ्या दुखतात म्हणून चालतच नाही. फ्लूनंतर, विशेष करून बी टाइपच्या, असं होतं, आठवड्याभरात आपोआप बरं होतं, पण डॉक्टरला एकदा दाखवायचं, आणि लघवी चहासारखी गडद झाली असेल तर त्याच दिवशी.

पालकांना आज पाठवायचा मेसेज मीच लिहून देते, हवा तसा बदला:

"नमस्कार. तिसरीच्या वर्गात फ्लूची साथ आहे. मुलाला ताप असेल तर शाळेत पाठवू नका. औषध न देता पूर्ण २४ तास ताप आला नाही की मगच पाठवा. आजारपणाच्या सुट्टीचा हजेरीवर, मार्कांवर काहीही परिणाम होणार नाही, टेस्ट नंतर घेऊ, सर्टिफिकेट लागणार नाही. गैरहजर असेल तर कारण सकाळी आठपर्यंत कळवा. रोज स्वतःची पाण्याची बाटली आणि हातरुमाल द्या. घरी सांभाळायला कोणी नसेल तर मला फोन करा, मिळून काहीतरी सोय बघू. श्वास लागणं, गुंगी, पाणी न पिणं, ताप जाऊन परत येणं, यातलं काही दिसलं तर थांबू नका, लगेच दवाखान्यात जा."

ज्या घरी मराठी वाचता येत नाही तिथे हाच मेसेज हिंदीत किंवा कन्नडमध्ये तुमच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवा.